तिथे आई लावते

हाटकेश, मीरा रोड
रविवार, ५ मे २०२४

प्रिय डेल्फिन,

तुम्ही सगळी बरी असाल असं धरून लिहितेय. मार्सेलिन मम्मींचा गुडघा काय म्हणतो? कौस्तुभला सांग, त्याचा डबा आणि निळं झाकण माझ्याकडे राहिलंय, उद्या ऑफिसातून घरी जाताना तो येईल तेव्हा या पत्राबरोबर देते. आम्ही ठीक. अभिनवला ऑफिसात जास्तीचं काम लागलंय. माझ्या शिकवणीच्या मुलांना सुट्टी असल्यामुळे दुपारी घर इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झालेला कळतो.

पत्र बघून तू दचकशील. पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माहीत आहे, आणि मेसेज करावा तर तुझ्या फोनमध्ये क्षितिजाचं डोकं असतंच. डायरी मी रोज लिहिते, त्यामुळे कागदावर मला थोडं नीट वागता येतं, असा माझा समज आहे.

परवा तू फोनवर सहज बोलल्यासारखं बोललीस, "ताई, क्षितिजा म्हणते अकरावीपण इथूनच करते. भाईंदर पश्चिमेला कॉलेज, बस तर डोंगरीतून मिळतेच." मी "बघू" म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता.

माझी हरकत नाही, हे आधी लिहिते. हरकत असण्याचं कारणच काय? दहावीची परीक्षा संपल्यावर आठ दिवसांसाठी कौस्तुभमामाकडे आलेली पोर अजून तिथेच आहे, आणि बरी होतेय. तिच्या कोपरांवरचे, दंडांवरचे चट्टे फिकट झालेत असं कौस्तुभ सांगतो. डॉक्टर, तेल, पथ्यं, सगळं करून इथे जे दोन वर्षांत झालं नाही ते तिथे महिन्याभरात झालं. आईला आणखी काय हवं?

फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत. उन्हात ती किती वेळ बसते? ऊन कोवळंच हवं असं नाही, उलट ड जीवनसत्त्व बनवणारे किरण दिवस वर आल्यावरच मिळतात, पण कातडी लाल व्हायच्या आत सावलीत यायला हवं. सोरायसिस भाजलेल्या जागी नव्याने उठतो. तुमच्याकडे मसाल्याचे दिवस आहेत, मिरच्या वाळत असतील, त्यांना तिने हात लावू नये.

तू हसशील, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या पुस्तकात असतं की ड जीवनसत्त्व हाडांसाठी. पण त्वचा ते बनवते आणि त्यातलं स्वतःसाठीही वापरते. त्वचेच्या अगदी खालच्या थरात पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, वाटेत पिकते, चपटी आणि कडक होते, आणि महिनाभराने वर येऊन आपल्या नकळत गळून जाते. क्षितिजाच्या चट्ट्यांत हा सगळा प्रवास काही दिवसांतच उरकला जातो. पेशी कच्च्या असतानाच वर येतात, एकीवर एक साचतात, त्यांचे खवले होतात. ड जीवनसत्त्व पेशीच्या पार आत, केंद्रकात जातं आणि तिला सांगतं, इतकं विभागू नकोस, आधी पीक, मग वर जा. डॉक्टरांनी दिलेलं मलम म्हणजे याच जीवनसत्त्वाचं भावंड आहे. म्हणून ते चुकवायचं नाही.

हे सगळं मी तिला मलम लावता लावता सांगायचे. एकदा ती म्हणाली, "आई, तू मला लावतेयस की शिकवतेयस?" मी म्हटलं, दोन्ही.

तिच्या पिशवीत दोन गोष्टी दिल्यात. पांढऱ्या डबीतलं मलम आधी लावायचं, त्याने खपल्या मऊ पडतात. ते पुसून घ्यायचं आणि मग डॉक्टरांच्या ट्यूबमधलं. दोन्ही वेळा, याच क्रमाने. ती आळस करते. तू आठवण करत जा.

आमच्या गॅलरीत ऊन येतं ते समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून, साडीच्या काठाएवढं. मी तिची खुर्ची त्या पट्टीबरोबर सरकवत राहायचे. वरच्या मजल्यावरच्या भाभी वाकून विचारायच्या, "बेटी को सजा दी है क्या?" आणि क्षितिजा बाह्या खाली ओढून आत निघून जायची.

त्या बाह्यांबद्दलच बोलायचंय बहुतेक.

कौस्तुभने फोटो पाठवलाय. तुमच्या अंगणात चादरीवर धणे पसरलेत, बाजूला क्षितिजा बसलीय, डोक्यावर मम्मींची गवताची टोपी आणि अंगात बिनबाह्यांचा पिवळा टॉप. तो टॉप मीच आणला होता. दोन वर्षं कपाटात घडी न मोडता पडून होता. इथे ती भर उन्हाळ्यात मनगटापर्यंतचे कुर्ते घालते. घरातही. माझ्यासमोरही. पंखा फुल्ल ठेवते, पण बाही वर करत नाही. आणि तुझ्या अंगणात, जिथे शेजारच्या चार बायका ये-जा करतात, तिथे ती उघड्या दंडांनी बसून हसतेय. तुझ्यासमोर तिला लाज वाटत नाही याचा मला आनंद व्हायला हवा. मी डायरीत तसं लिहिलंसुद्धा. मग खोडलं. खोटं लिहिलेलं मला माझ्याच वहीत वाचवत नाही.

कौस्तुभ लग्नानंतर तुमच्याकडे राहायला आला, तेव्हा लोक काय काय म्हणाले. मी एक शब्द काढला नाही, आठवतं ना? पण तेव्हापासून त्याला तुमच्या बाटलीच्या मसाल्याशिवाय माझी आमटी सपक लागते. माझ्यासमोर, माझ्याच ताटात तो खिशातून पुडी काढून भुरभुरवतो. आता क्षितिजाही फोनवर विचारते, "आई, तू आमटीत धणे भाजून का घालत नाहीस?" तुमच्या डोंगरीला माझी माणसं कशी काय आवडतात, डेल्फिन?

हे वाक्य खोडायला हवं. राहू दे, पेनाने लिहिलंय.

तिच्या प्रवेशाचं मी तिच्याशी बोलेन. निकालही अजून लागायचाय. पण तिने आता घरी यावं असं मला वाटतं. पुढच्या रविवारी, १२ तारखेला, अभिनव न्यायला येईल.

आणि एक सहज विचारते. तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक चट्टा आहे. तिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही. तिथे कोण लावतं?

मम्मींना नमस्कार.

तुझी,
सुचेताताई


डोंगरी
गुरुवार, ९ मे

सुचेताताई,

तुझं पत्र कौस्तुभने दिलं आणि म्हणाला, "ताईने बंद पाकीट दिलंय, म्हणजे तुझी काही खैर नाही." मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं. नंतर परत एकदा वाचलं. मी पतपेढीत दिवसभर आकडे लिहिते, मराठीत पत्र शाळेनंतर पहिल्यांदा लिहितेय, तर टीचर बनून चुका काढू नको.

पहिलं म्हणजे, मी तिला काहीच करत नाही गं. सकाळी मी नऊच्या बसने जाते, संध्याकाळी येते. ती दिवसभर मम्मीबरोबर. मम्मीने तिला मिरचीजवळ जाऊ दिलेलं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुला मिरची न्हाय. तू धण्यावर बस." म्हणून ती धण्याची राखण करते, कावळे, कोंबड्या आणि शेजारचा ट्रॉय यांच्यापासून. ट्रॉय सहा वर्षांचा आहे आणि धणे मुठीने खातो. उन्हात बसते, तापलं की आंब्याखाली जाते. डोकं चालतं तिचं, तुझीच मुलगी आहे.

टॉपचं विचारलंस. त्यात माझं काही कसब नाही. ती आली तेव्हा लांब बाह्याच घालत होती. मसाल्याला बायका जमल्या तेव्हा शेजारच्या सुगंधाने तिला विचारलं, "काय झालंय हाताला?" ही म्हणाली, "सोरायसिस. लागत नाही कोणाला." सुगंधा म्हणाली, "बरं. ते घमेलं दे इकडे." एवढंच. दुसऱ्या दिवशी पिवळा टॉप. मला वाटतं घमेलं द्यायला बाही मध्ये येत होती.

आता गुन्हा कबूल करते. तुझी ती पांढरी डबी क्षितिजाने उघडलीच नाही. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मामी, ती झोंबते. आईला सांगू नको." मी नाही सांगितलं. तू मला नणंद आहेस, पण ती मला भाची आहे, मी कुठे जाऊ? ट्यूब मात्र ती स्वतः लावते, दोन्ही वेळा, चुकवत नाही. मी बघितलंय.

आणि डबी फुकट नाही गेली. मम्मीने एक दिवस ती उघडली, वास घेतला, आणि टाचांना चोपडायला लागली. आता मम्मीच्या टाचांच्या भेगा गेल्या. सगळ्या गल्लीला पाय दाखवत फिरते. "टाचा बग गो माझ्या. लग्नात व्हत्या तशा झाल्या." फादरनाही दाखवल्या असत्या, मी थांबवलं. वर म्हणते, "सुचेताच्या हाताला गुण हाय."

ताई, तू विचारलंस, डोंगरीला तुझी माणसं का आवडतात. खोटं कशाला बोलू. आमच्या घरात पोर नाही हे तू कधी बोलली नाहीस, त्याबद्दल मी तुला नेहमी मनात थँक्यू म्हणते. क्षितिजा आली तेव्हापासून मम्मी दोनदा चहा करते आणि कौस्तुभ ऑफिसातून वेळेत येतो. ती राहिली तर मला आवडेल. पण मी तिला राहा म्हणून सांगितलेलं नाही. तिने स्वतः काढलं. मी विचारलं, का गं, घरी काय झालं? म्हणाली, "घरी सकाळी आई आधी माझे हात बघते, मग तोंड." हे लिहू की नको असं मला दोन दिवस झालं. रागावू नको. ती रडून नाही बोलली, साधं बोलली.

रविवारी अभिनवभाऊंना पाठवू नको ना. बारा तारखेला मसाला कुटायला बायका येणार, तिने महिनाभर धणे राखले, तिला बाटल्या भरलेल्या बघायच्या आहेत. त्यानंतर तू म्हणशील तेव्हा. तू स्वतः ये. मी अडवणार नाही, पण चहा न पिता नेऊ नको.

पाठीचं. ताई, तो चट्टा तसाच आहे. बाकी सगळं फिकं झालं, तो नाही. मी म्हटलं, दे मी लावते. मम्मी पण म्हणाली. कोणालाच हात लावू देत नाही. म्हणते, "तिथे आई लावते."

डेल्फिन


हाटकेश
बुधवार, १५ मे २०२४

प्रिय डेल्फिन,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मम्मींच्या टाचांचं अभिनंदन. मसाला व्यवस्थित पार पडल्याचं कौस्तुभने कळवलं, आणि क्षितिजाने बाटल्यांचा फोटो पाठवला, प्रत्येक बाटलीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. रविवारी अभिनवला पाठवलं नाही. त्याला बरं नाही असं मी कौस्तुभला सांगितलं होतं. अभिनव सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता.

मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण ज्या गोष्टीवर रागवायला हवं त्यावर नाही. हात आणि तोंडाचं वाक्य वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हे तिने मला का नाही सांगितलं, तुला का सांगितलं. आपली मुलगी काय म्हणतेय याआधी ती कोणाला म्हणतेय, हे मला दिसलं. मग मी तो धण्यांजवळचा फोटो पुन्हा उघडला आणि आठवलं की तो आला त्या दिवशी मी तो बोटांनी मोठा करून आधी डावं कोपर बघितलं होतं, मग उजवं. ती हसतेय हे नंतर कळलं. तुला पत्रात "हसतेय" असं लिहिलं, पण कोणत्या क्रमाने बघितलं ते लिहिलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला पाच दिवस लागले.

तुझ्या पत्रातल्या टाचा माझ्या डोक्यातून जाईनात. ती पांढरी डबी मी आमच्या इमारतीखालच्या केमिस्टकडून आणली होती. एका ओळखीच्या बाईंनी सुचवली म्हणून. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, जाड कातडी मऊ करून सोडवायला. भेगांवर ते लागू पडणारच. पण क्षितिजाने ती डबी उघडली नाही, आणि तिचे चट्टे गेले. इथे मी ती दोन्ही वेळा लावत होते, आणि चट्टे हलले नाहीत. शिकवणीत एखाद्या मुलाने ही दोन निरीक्षणं फळ्यावर लिहिली असती तर मी त्याला विचारलं असतं, मग काय सिद्ध होतं रे? स्वतःला विचारायला मात्र मी सोमवारची सकाळ होऊ दिली.

भाईंदर पूर्वेला आपल्या डॉक्टरांकडे गेले. नंबर न लावता, दारातूनच विचारलं. ते म्हणाले, "नाही नाही, ते बरोबर लावायचं नसतं. आम्ल लागलं की ट्यूबमधलं औषध निकामी होतं. मी पहिल्याच वेळी विचारलं होतं ना, दुसरं काही लावता का?"

विचारलं होतं. मी "नाही" म्हणाले होते. खोटं बोलावं म्हणून नव्हे. ती डबी माझ्या लेखी औषधच नव्हती, डोक्याला तेल लावावं तशी ती आईने करायची गोष्ट होती. क्षितिजा बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, कंटाळलीय.

म्हणजे असं झालं, डेल्फिन. पेशींना थांब म्हणून सांगणारा निरोप्या डॉक्टर रोज पाठवत होते आणि मी त्याला रोज दाराशीच गारद करत होते. वर तिलाच सांगत होते की तू आळस करतेस.

यानंतर जे झालं ते लिहायला मला खरोखर लाज वाटतेय. दवाखान्याच्या जिन्यावर मला आधी आनंद झाला. ऊन नव्हतं तर. डोंगरी नव्हती. तू नव्हतीस. तुम्ही कोणीच तिला बरं केलं नाही, फक्त माझी एक चूक तिथे झाली नाही, एवढंच. आणि ती चूक आता मला कळलीय, म्हणजे ती हाटकेशलाही बरी होऊ शकते. घरी येईपर्यंत माझं पत्र मनात तयार होतं. छोटं होतं. कारण सापडलं आहे, आता तिथे राहण्याची गरज उरली नाही, रविवारी घ्यायला येते. कागदावर उतरवलंसुद्धा. सही केली. मग वाचलं, आणि त्यात एकही शब्द खोटा नसताना ते पत्र लबाड वाटलं. फाडून टाकलं.

कारण गरज औषधाची होती तेवढी संपली. पिवळ्या टॉपला आम्लाचं उत्तर लागू होत नाही. घमेलं दे म्हणणारी सुगंधा मी केमिस्टकडून आणू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर आम्लानेही सगळं सिद्ध होत नाही. ऊनही होतंच की. आमच्याकडची ती साडीच्या काठाएवढी पट्टी कुठे आणि तुमचं अंगण कुठे. शिवाय मन ताणात असलं की हा आजार फुलतो, आणि तिच्या ताणाला रोज सकाळी कोण उठवत होतं ते तिने तुला सांगितलंच आहे. किती ऊन, किती मलम, आणि किती माझ्या नजरेआड असणं, याचे वेगवेगळे भाग मला पाडता येत नाहीत. पाडायचा फार प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तुझ्या वाट्याला कमी यावं अशा बेताने पाडत होते.

मी जळते तुझ्यावर. आतापर्यंतच्या सगळ्या पानांत हा शब्द कुठेच आला नव्हता, म्हणून इथे लिहिते. तू काही न करता तिला मिळालीस याचं मला वाईट वाटतं. मी इतकं करत होते. तू नऊच्या बसने जातेस आणि ती तुला "मामी, आईला सांगू नको" म्हणते. मला कोणी काही सांगू नको म्हणत नाही, कारण मला कोणी काही सांगतच नाही.

आणि आता पाठीचा चट्टा.

तुझ्या पत्राच्या शेवटी ते वाक्य आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते. "तिथे आई लावते." मला इतकं बरं वाटलं की मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिसऱ्या की चौथ्या वेळी लक्षात आलं, मला कशाने बरं वाटतंय. माझ्या मुलीच्या अंगावर एक जागा अजून बरी झालेली नाही, आणि मला ती जागा हवीहवीशी वाटतेय. सगळा देह तुमच्याकडे बरा झाला तरी तान्ह्या बाळाच्या टाळूएवढी ती जागा माझ्यासाठी राखून ठेवलेली. डायरीत मी आजवर माझ्याबद्दल पुष्कळ वाईटसाईट लिहिलंय, पण ते बहुतेक सगळं नंतर वाचताना बरं दिसावं असं लिहिलेलं होतं. हे तसं नाही.

शिवाय ती ते वाक्य कशा अर्थाने म्हणाली हे मला माहीत नाही. माया असेल. शिस्तीची भीतीही असेल. मी इतक्या वेळा बजावलं होतं की पाठीला नीट मीच लावणार, तुला जमायचं नाही. कदाचित ती फक्त नियम पाळतेय. तुला काय वाटलं असं विचारणार होते, पण तू मला बरं वाटेल असंच सांगशील.

म्हणून असं कर. पाठीला तू लाव.

फक्त ट्यूबमधलं. बोटाच्या एका पेरावर मावेल तेवढं पुरतं, थापायचं नाही. उन्हातून आल्यावर लाव, आधी नको. चट्ट्याच्या कडेबाहेर जाऊ नकोस, चांगली कातडी चुरचुरते. लावून झालं की हात धू. आणि लावायच्या आधी हात एकमेकांवर चोळून कोमट करून घे. गार हात लागला की ती खांदे वर घेते आणि मग बराच वेळ खाली सोडत नाही. ती म्हणेल, तिथे आई लावते. तिला सांग, आईनेच सांगितलंय. लावताना काही शिकवू नकोस. तू तशीही शिकवणार नाहीस.

डबीचं तिला तू सांगू नकोस. ते मी सांगेन. येत्या रविवारी मी येते, एकटीच. न्यायला नाही. तिच्यासमोर बसून सांगायचंय की तुला झोंबत होतं ते बरोबर होतं, आणि तू आळशी नव्हतीस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे का बघितलंस तेही विचारायचंय, ती सांगणार असेल तर. मग अकरावीचं तिचं तिने ठरवावं. डोंगरीतून जाते म्हणाली तर मी हो म्हणेन. तोंडाने म्हणेन, आतून किती वेळ लागेल सांगता येत नाही. आणि घरी येते म्हणाली तर तुमच्या घरात पुन्हा एकदाच चहा होईल, याचं मला वाईट वाटेल. थोडं बरंही वाटेल. दोन्ही लिहून ठेवते, नंतर एकच आठवायला नको.

मम्मींना सांग, डबी त्यांनीच ठेवावी. संपली तर आणून देईन.

एक मदत कर. मी अंगणात शिरले की तू क्षितिजाच्या बाजूला उभी राहा आणि माझ्याकडे बघ. मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचं ठरवलंय, पण डोळ्यांना सवय वाईट लागलीय. चुकले तर नंतर मला एकटीला सांग, तिच्यादेखत नको.

चहा पिऊनच जाईन.

तुझ्यावर जळणारी, आणि माझ्या लेकीची पाठ तुझ्या हाती देणारी,
सुचेता